खिशांतील वाड्याचीं कुलुपें

जुन्या वाड्याला एक दिंडीदरवाजा असे. त्याच्या आंत देवडी, देवडीच्या आंत चौक, चौकापलीकडे माजघर, आणि माजघराच्याही आंत अंधाऱ्या खोलींत तिजोरी. परका मनुष्य देवडीपर्यंत येई, ओळखीचा चौकांत बसे, आणि तिजोरीची किल्ली मात्र एकट्या कारभाऱ्याच्या कमरेला असे. हल्लीं घरोघर दिसणारा स्मार्टफोन हा खिशांत मावणारा असाच एक वाडा आहे. पत्रव्यवहार, बँकेचा हिशेब, मुलाबाळांचीं छायाचित्रें, डॉक्टरांचे कागद, सारें कांहीं त्यांत सांठविलेलें असतें. या वाड्याचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक फोनांत गूगलचें अँड्रॉइड किंवा ॲपलचें आयओएस हा कारभारी असतो. आणि त्याचा अगदीं आंतला भाग, ज्याच्या हातीं सर्व किल्ल्या, त्याला कर्नेल असें नांव आहे.

कारभारी कितीहि चोख असला तरी तो मनुष्यांनींच घडविलेला आहे. त्याच्या आज्ञांच्या ओळी लक्षावधि. त्यांत कोठेंतरी चूक राहून जातेच. ती फोनच्या मालकाला दिसत नाहीं, कारण यंत्र नेहमींसारखेंच चालत असतें. परंतु ज्याला ती सांपडते, त्याला किल्लीवांचून दार उघडतां येतें.

हें कसें घडतें, याचें उत्तम उदाहरण २०१६ सालीं जगासमोर आलें. संयुक्त अरब अमिरातींत अहमद मन्सूर नांवाचे मानवी हक्कांसाठीं झटणारे गृहस्थ राहत. १० व ११ ऑगस्ट रोजीं त्यांच्या आयफोनवर दोन संदेश आले. अमिरातींतील तुरुंगांत कैद्यांचा छळ होतो, त्याचीं नवीं रहस्यें पुढील दुव्यावर वाचावीं, असा त्यांचा आशय होता. मन्सूर यांच्यावर पूर्वींहि असे हल्ले झालेले होते. त्यामुळें त्यांनीं दुव्याला बोट लावलें नाहीं. संदेश जसेच्या तसे टोरोंटो विद्यापीठांतील सिटिझन लॅब या संशोधनसंस्थेकडे पाठविले.

संशोधकांनीं तो दुवा प्रयोगासाठीं दुसऱ्या एका फोनवर उघडला आणि लुकआउट या संस्थेच्या साह्यानें त्याची चिकित्सा केली. तेव्हां एक नव्हे, तीन छिद्रें एकापुढें एक जोडलेलीं आढळलीं. पहिलें छिद्र वेबपृष्ठें दाखविणाऱ्या भागांत होतें. त्यांतून चोर देवडी ओलांडून चौकांत येई. कर्नेलची स्मृतींतील जागा फोन प्रत्येक वेळीं सुरू होतांना बदलून ठेवतो, म्हणजे आंत आलेल्यालाहि तिजोरीची खोली सांपडूं नये. दुसऱ्या छिद्रानें ती जागा उघडी पडे. तिसऱ्यानें खुद्द कारभारीच चोराच्या आज्ञेंत जाई. त्यानंतर पेगासस नांवाची हेर आज्ञावली आंत ठाण मांडी; संभाषणें ऐकी, पत्रें वाची, मायक्रोफोन व कॅमेराहि आपल्या इच्छेनें चालवी. ती इस्राएलमधील एन्‌एस्ओ ग्रुप या कंपनीची होती. ॲपलला खबर मिळतांच तिनें २५ ऑगस्ट रोजीं दुरुस्ती जाहीर केली.

एका मनुष्याच्या सावधपणानें कोट्यवधि लोकांचीं दारें बुजलीं. त्या मनुष्याला मात्र मार्च २०१७ मध्यें अटक झाली आणि मे २०१८ मध्यें दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली.

मन्सूर यांना निदान दुवा न उघडण्याची संधि होती. पुढें तीहि उरली नाहीं. २०२१ सालीं एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनची तपासणी करतांना याच संशोधकांना दुसरें एक छिद्र सांपडलें. संदेशाबरोबर एक चित्र येई. तें फोनच आपण होऊन वाचूं लागे आणि मालकाला पत्ताहि न लागतां वाडा लुटला जाई. चूक बेरजेची होती. चित्राच्या भागांची संख्या इतकी फुगविलेली असे कीं, मोटारीचा अंतरमापक ९९९९९ नंतर पुन्हां शून्यावर यावा, तशी ती बेरीज एकदम लहान होई. यंत्र तेवढीच लहान जागा राखी. मजकूर मात्र पुष्कळ येई आणि शेजारच्या रकान्यांत सांडे. खतावणींत नांवाच्या रकान्यांतील अक्षरें रकमेच्या रकान्यांत उतरावीं आणि खजिनदारानें तीच रक्कम खरी मानावी, असा हा प्रकार. १३ सप्टेंबर २०२१ रोजीं तें छिद्र बुजविण्यांत आलें.

हें सारें दूरदेशीं घडतें, असेंहि समजूं नये. २०१९ सालीं व्हॉट्सॲपमधील एका छिद्रातून जगांतील सुमारें १,४०० लोकांच्या फोनांवर असाच हल्ला झाला. त्यांत भारतांतील पत्रकार, वकील व कार्यकर्तेहि होते.

आतां प्रश्न असा कीं, छिद्र ज्याला सांपडलें त्यानें काय करावें? प्रामाणिक संशोधक तें कंपनीला कळवितो, दुरुस्तीस अवधि देतो आणि मगच तें प्रसिद्ध करतो. परंतु अशा छिद्रांचा गुप्त व्यापारहि चालतो आणि त्यांना मोठें मोल मिळतें. विकत घेणारा तें उघडें ठेवतो, कारण बुजलेल्या छिद्राचा त्याला उपयोग नाहीं. एका संशयिताच्या दारासाठीं राखलेलें छिद्र त्याच जातीच्या प्रत्येक फोनांत, शाळकरी मुलाच्या आणि पेन्शनर आजोबांच्याहि फोनांत, तसेंच उघडें राहतें.

दुरुस्ती निघाली तरी ती प्रत्येक घरीं पोंचतेच असें नाहीं. जुलै २०१५ मध्यें अँड्रॉइडच्या ध्वनिचित्रें वाचणाऱ्या भागांत स्टेजफ्राइट नांवानें गाजलेलीं छिद्रें उघडकीस आलीं, आणि पुढील महिन्यापासून गूगलनें आपल्या फोनांसाठीं दरमहा दुरुस्त्या देण्यास आरंभ केला. परंतु अँड्रॉइड फोन अनेक कंपन्या बनवितात. ज्या त्या कंपनीनें ती दुरुस्ती आपल्या यंत्रास बेतून द्यावी लागते. कांहीं विलंबानें देतात, आणि कांहीं वर्षांनीं त्या फोनला दुरुस्ती मिळणेंच बंद होतें. फोन चालूं असतो. पहारा मात्र उठलेला असतो.

म्हणून गृहस्थानें तीन गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. दुरुस्तीची सूचना आली कीं ‘मग पाहूं’ म्हणून ती बाजूस सारूं नये. नवा फोन घेतांना, किंवा जुना घरांतील वडील मंडळींस देतांना, त्याला दुरुस्त्या किती वर्षें मिळावयाच्या आहेत हें आधीं विचारावें. आणि अनोळखी दुव्यानें कितीहि कुतूहल चाळविलें, तरी मन्सूर यांच्याप्रमाणें हात आवरावा. वाड्याला एकदां कुलूप लावलें म्हणजे झालें असें नव्हे. रोज सांजवेळीं दिंडीची कडी पाहण्याची जुन्या घरांतील चाल या नव्या वाड्यालाहि लागू आहे.