जुन्या ट्रॅक्टरचे अडलेले इंधन

मृगाच्या सरी येऊन जाव्यात, काळ्या रानाला वापसा यावा, आणि नेमक्या त्याच सकाळी जुना ट्रॅक्टर दहा मिनिटे चालून गुदमरल्यासारखा बंद पडावा, हा प्रसंग माळव्यापासून बेळगावपर्यंतच्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. वापसा हा चार दिवसांचा पाहुणा. अशा घाईत कोणी ‘पंप गेला’ असे म्हणताच पंप उतरवून शहराकडे धाडला जातो आणि पेरणी लांबते. पुष्कळदा पंप बिचारा निर्दोष असतो. दोष निघतो तो टाकीच्या झाकणात, नाहीतर तांब्याच्या एखाद्या वॉशरात.

उदाहरणादाखल मॅसी फर्ग्युसन ३५ हा तीन सिलिंडरांचा ट्रॅक्टर घ्यावा. याच घराण्यातले ट्रॅक्टर १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने आपल्याकडे बांधले. यात टाकी इंजिनाच्या वर असते. डिझेल कॉकमधून खाली उतरते, फीड पंपातून फिल्टरांत जाते, तेथून मुख्य इंधनपंपात आणि शेवटी प्रचंड दाबाने नोझलांत. दोषाचा शोधही याच वाटेने, टाकीकडून खाली, घ्यावयाचा असतो. उलट्या टोकाने आरंभ करणे हीच सर्वांत महाग पडणारी चूक होय.

प्रथम स्टार्टर मारून धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर ते पोहोचते पण पेटत नाही. तो विषय निराळा. इंजिन बंद करण्याची ओढणी अर्धवट अडकली नाही ना, हेही पाहावे. हसू येण्याजोगी गोष्ट खरी, पण तेवढ्यासाठी कारागिराची वाट पाहत दिवस गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

इंजिन चालता चालता दम तोडत असेल, तर झाकणाचा संशय आधी घ्यावा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल अडखळत येते. म्हणून दुकानदार समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडतो. टाकीच्या झाकणातील बारीक छिद्र हे ते दुसरे भोक. ते चिखलाने बुजले की आत पोकळी निर्माण होऊन डिझेल थांबते. झाकण सैल करताच ‘सूं’ असा आवाज होऊन इंजिन पुन्हा नीट चालू लागले, तर रोग सापडला.

तसे नसेल, तर फीड पंपाकडे येणारी नळी सोडून कॉक उघडावा आणि स्वच्छ भांड्यात धार पाहावी. अखंड धारेऐवजी थेंब पडत असतील, तर कॉकच्या जाळीवर गंज व गाळ बसला आहे. कित्येक जण तोंडाने फुंकून वाट मोकळी करतात. तो गाळ संध्याकाळपर्यंत परत येतो. टाकीच धुवावी. जाळी काढून टाकणे तर शुद्ध अविचार.

फीड पंपाचा हातदांडा ढिला लागला, तरी पंप लगेच निकामी ठरवू नये. आतला कॅम उंचावर थांबलेला असतो; इंजिन थोडे फिरवले की दांड्याला जोर येतो. मात्र डायाफ्राम फाटला असेल, तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. तेलकाडीवर ऑइल वाढलेले व पातळ दिसल्यास इंजिन मुळीच चालवू नये.

सर्वांत फसवा शत्रू म्हणजे हवा. डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळे हवेचा बुडबुडा पंपाचा दाब गिळून टाकतो आणि नोझल उघडतच नाही. शिवाय पंप ओढत असताना सैल सांध्यातून हवा आत शिरते, पण बाहेर डिझेलचा थेंब दिसेलच असे नाही. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी पार रिकामी झाल्यावर हवा हटकून शिरते. ती काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग इंधनपंपावरचे स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हातदांडा चालवावा. शेवटी नोझलांकडील नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारावा. डिझेल झिरपले की आवळावेत. पुन्हा पुन्हा हवा शिरत असेल, तर जुने तांब्याचे वॉशर बदलावेत. आवळून आवळून आटे मात्र जातील.

येथे एक सावधगिरी जिवाची आहे. नोझलचा फवारा उडतो की नाही हे हात धरून कधीही पाहू नये. तो कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

इतके सारे पाहून झाले, पंपाच्या तोंडाशी बुडबुड्यांविना डिझेल येते, ओढणी मोकळी आहे, आणि तरीही नळ्यांच्या टोकाशी काही उमटत नाही, तरच पंप उतरवावा. या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. आतील भागांमधली फट माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असते. म्हणून तो झाडाखाली उघडू नये. तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करावीत, चिंध्या कोंबू नयेत, आणि तपासणीचे यंत्र असलेल्या कारखान्यातच तो न्यावा.