मांडवातील बोर्ड आणि अर्थिंग



लग्न असो, मिलाद असो वा शाळेचे संमेलन असो, आपल्या कर्नाळा परिसरात जुन्या कौलारू इमारतीतून वायर ओढून लोखंडी पेटीचा तात्पुरता बोर्ड उभा केला जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात वुजू करून आलेल्या मुलाचा ओला हात त्या पेटीला लागला आणि तो दूर फेकला गेला. अल्लाहच्या कृपेने तो वाचला. पेटीला हिरवी तार होती, पण तिचे दुसरे टोक कोठेच जोडलेले नव्हते. व्यवस्था पाहणाऱ्यांत मीही होतो. मी भाषेचा शिक्षक. तरी त्या दिवसापासून वायरमनपाशी बसून मी हा विषय समजून घेतला.

जुन्या वायरिंगमध्ये बहुधा दोनच तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. मग कोणी न्यूट्रलच पेटीला जोडून मोकळा होतो. हे घातक आहे. मागे कोठे न्यूट्रल तुटली, तर पेटीत २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो.

"मग जमिनीत एक सळई ठोकली तर?" विद्यार्थ्यांनो, ओहमचा नियम लावून पाहा. जमिनीचा रोध १०० ओहम धरला, तर २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. एवढ्याने १५ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही आणि पेटीतील वीज तशीच राहते. कातळाच्या व उन्हाळ्यात सुकलेल्या जमिनीत रोध आणखी वाढतो. म्हणून चांगल्या अर्थिंगबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

दुसरी गोष्ट बाँडिंगची. मांडवाचे लोखंडी खांब, पत्रे, जवळचा नळाचा पाइप हे सारे जाड तारेने एकमेकांशी व अर्थिंगशी जोडावे. मग एक हात पेटीला आणि दुसरा नळाला लागला, तरी दोहोंत धोक्याचा फरक राहत नाही.

पालकहो, जोडणी महावितरणकडून रीतसर घ्या. काम परवानाधारक कंत्राटदाराला द्या, अर्थिंग मोजून घ्या आणि पाहुणे येण्यापूर्वी आरसीसीबीचे टेस्ट बटन दाबून पाहा. रोषणाईचे चार दिवे कमी झाले तरी चालतील, पण या खर्चात काटकसर नको. मांडवात आपलीच मुले खेळत असतात.