भोंगा वाजला की मोबाईल बंद



आज बोलायचे आहे ते हातातल्या मोबाईलविषयी. विषय हलका वाटेल, पण घराघरात कुरबूर त्याच्यावरूनच चालू आहे. पोरावर ओरडायचे आणि आपण मात्र रील बघत बसायचे, तर पोर ऐकणार कसे?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा उघडली तरी मोबाईल काही पोरांच्या हातातून सुटेना. तिथल्या बायाबापड्यांनी ग्रामसभेत हा प्रश्न घेतला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टी.व्ही. बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे. ८.३० ला दुसरा भोंगा, मग मोकळीक. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावे लागले. एकाच घराने बंद केला असता, तर पोर शेजारी जाऊन बसले असते. सगळ्या गावाने एकदम केला, म्हणून जमले.

याहून वाईट गोष्ट धुळे जिल्ह्यातली. साक्री तालुक्यातले राईनपाडा, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत होता. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मंगळवेढ्याकडून तिथे गेलेले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. तो मजकूर पुढे ढकलणाऱ्या कित्येकांना वाटले असेल, आपण लोकांना सावधच करतोय! त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण खात्री नसताना पाच ठिकाणी तरी का पाठवावे?

आता पैशाचे. आपल्या चौल-रेवदंड्याकडे पोरे मुंबईला आणि म्हातारी माणसे घरी, असे कितीतरी संसार. त्यांना पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल येतो, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून धमकावतात. मंडळी, अशी अटक कायद्यात नाहीच. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. तरी कोणी फसलेच, तर लाजेपायी गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन लावा. उशीर झाला की पैसे या खात्यातून त्या खात्यात पसार होतात.

म्हणून विहारात दोन वह्या ठेवू. एकीत पंधरा दिवस प्रत्येक घराचा हिशेब: मोबाईल किती तास चालला आणि कशासाठी. मोठ्यांचा हिशेब पोरांनी लिहायचा, म्हणजे खरा निघेल! दुसरीत संशयाचे फोन आणि मजकूर. नावे कोणाचीच नकोत. येत्या पौर्णिमेला एकत्र वाचू आणि वेळ ठरवू. वडगावची ७ ची वेळ आपल्याला चालेलच असे नाही, अलिबागहून कामावरची माणसे परतायला उशीर होतो. वह्या महिला मंडळाकडे दिल्या आहेत, जाताना आपल्या घराचे पान बघून जा.