चित्रकलेचा तास आणि आपण पालक

(वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, पण तो बहुधा गणिताच्या उरलेल्या उदाहरणांत जातो. वर्गशिक्षकांना दोष देता येत नाही. सारे विषय त्यांच्याच माथी असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशक दिला, तोही सहावी ते आठवीला आणि तेथे मुले शंभरांहून अधिक असतील तरच. पहिली ते पाचवीच्या मुलांना वेगळे कोणी नाही.

तेथे आपण जावे. आठवड्याला एक तास पुरे. "आम्हाला चित्र कुठे येते?" असे म्हणू नका. आपल्या मोहल्ल्यात बोर्ड रंगवणारे पेंटर आहेत, जरीकाम करणारे कारागीर आहेत, गवंडी-सुतार आहेत. मेंदी काढणाऱ्या मुली तर घरोघरी. वेल कोठून वळवायची, मोकळी जागा किती सोडायची, हे त्यांचा हात जाणतो.

काही पालक दबक्या आवाजात विचारतात, सजीवांची चित्रे काढायची काय? त्या वादात मी पडत नाही. ज्यांना नको असेल त्यांनाही कामाचा तोटा नाही. कंपासने वर्तुळ काढा, तेच अंतर परिघावर सहा वेळा टाका, एक सोडून एक बिंदू जोडा. सहा टोकांचा तारा तयार! जुन्या इमारतींच्या जाळ्यांतील पुष्कळशी नक्षी अशाच रेषांतून वाढलेली आहे. पुढे शासनाच्या एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेतही संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असतेच.

एक पथ्य मात्र पाळा. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी व झोपडी काढून "उतरवा" म्हणू नका. चाळीतल्या मुलाने ते पाहिलेले नसते. त्याला जिना, नळावरची कळशी, दारातल्या चपला काढू द्या. ख्यातनाम चित्रकार सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) सांगत की, लहानपणी त्यांचे चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हा गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहत बसायला लावले. तो बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत आला. एका बिंदूला कितीसा खर्च येतो!

खरी अडचण पैशाची नाहीच. जूनमध्ये उत्साहाने नावे देणारे दिवाळीनंतर दिसेनासे होतात आणि मुले दाराकडे पाहत बसतात. त्यापेक्षा सुरू न केलेले बरे. म्हणून एका वर्गाला दोघे असावेत. एकाची पाळी बदलली तर दुसरा येईल. वर्गशिक्षकांनीही वर्गातच थांबावे. आणि फुकटचे हात मिळाले म्हणून संस्थेने वरच्या वर्गांच्या निदेशकाची मागणी सोडू नये, हे मी अध्यक्षांच्या समक्षच सांगतो.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर वही ठेवली आहे. नावापुढे कोणता वार जमेल तेही लिहा. भगिनींनी आधी लिहावे.