चिखलदऱ्याची हवा आणि प्रोसेसरचा ताप



वैशाखात आपल्या वऱ्हाडात दुपारी दोन वाजता रस्ते ओस पडतात. माणूस सावली धरतो, बैल गोठ्यात रवंथ करत बसतो. टेबलाखालच्या संगणकाला मात्र कोणी विचारत नाही. आज मी बोलणार आहे ते त्याच्याबद्दल, म्हणजे त्याच्या प्रोसेसरबद्दल. त्यातही स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा आणि कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, या उद्योगाबद्दल. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझं घर चिखलदऱ्यात आणि संगणक दुरुस्तीचं दुकान खाली परतवाड्याला. मधे तीसेक किलोमीटरचा रस्ता आणि साधारण सातशे मीटरची चढण. त्यामुळे एक सोय मला फुकटात मिळाली. एकच यंत्र दोन हवामानांत चालवून बघता आलं.

आधी हे क्लॉक प्रकरण काय ते सांगतो. भजनात टाळ असतात ना, तसं प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. प्रत्येक ठोक्याला लाखो छोटे खटके उघडतात, मिटतात आणि पुढच्या ठोक्याच्या आत प्रत्येकाला आपलं काम उरकावं लागतं. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी ठोके. लय वाढवली तर भजन लवकर संपतं, हे खरं. पण एक वेळ अशी येते की मृदंग पुढे जातो आणि मागच्या रांगेतली म्हातारी मंडळी शब्द गाळतात. प्रोसेसरने शब्द गाळला की संगणक हँग होतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, हँग न होता चुकीचं उत्तर देतो.

मग कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे जायला जागा तरी का असते? कारण कंपनी हातचं राखून विकते. एकाच साच्यातून निघालेले तुकडे तपासून त्यांच्यावर वेगवेगळ्या वेगाचे शिक्के मारले जातात. आणि बाजारात स्वस्त मालाची मागणी जास्त असली, तर उत्तम तुकड्यावरही कमी वेगाचा शिक्का बसतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. तो ऑगस्ट १९९८ मध्ये आला. त्याच दिवशी आलेल्या पेंटियम टू ४५० ची किंमत त्याच्या चार पटींहून जास्त होती. सेलेरॉन म्हणजे गरिबाचा पेंटियम. पण त्यात एक गंमत होती. त्याची १२८ किलोबाइटची कॅश मेमरी प्रोसेसरच्या पोटातच होती आणि पूर्ण वेगाने चालायची. पेंटियमची ५१२ किलोबाइटची होती, पण बाहेर, आणि अर्ध्या वेगाची.

आता हिशोब बघा. मदरबोर्डवरच्या वाहतुकीच्या रस्त्याला बस म्हणतात. सेलेरॉनची बस ६६ मेगाहर्ट्झची आणि प्रोसेसर तिच्या साडेचार पट वेगाने चालणारा. साडेचार हा आकडा कंपनीने कुलूपबंद केलेला. पण बसचा वेग १०० केला तर? शंभर साडेचारे साडेचारशे! काही मदरबोर्डांवर हे बायोसच्या पडद्यावर नुसता आकडा बदलून व्हायचं. जिथे तशी सोय नव्हती तिथे लोक प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी-२१ नावाच्या पिनेवर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावायचे. ती पिन झाकली गेली की मदरबोर्डची समजूत होई की हा शंभरवाला आहे. पुढे जून २००० मध्ये एएमडीचा ड्युरॉन आला. त्याच्या पाठीवरचे एल-१ नावाचे तुटक ठिपके शिसपेन्सिलीने जोडले की पटीचं कुलूप उघडायचं. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, एवढंच त्यातलं रहस्य. दीड रुपयाच्या पेन्सिलीने सहाशेचा ड्युरॉन आठशे-नऊशेच्या घरात जातो, हे पाहिल्यावर कॉलेजच्या पोरांचे डोळे कसे चमकायचे, ते सांगून कळणार नाही. वॉरंटी मात्र तिथेच संपायची.

बसचा वेग वाढवताना एक खड्डा होता. हार्ड डिस्क आणि इतर कार्डांची वाहतूक तेव्हा ३३ मेगाहर्ट्झवर चालायची, आणि ती मुख्य बसला भागून काढलेली असायची. ६६ ला दोनाने भागलं की ३३, शंभरला तिनाने भागलं की ३३. पण कोणी भीतभीत मधलाच ८३ निवडला, तर दोनाने भागून ४१ च्या वर येतात. म्हणजे प्रोसेसरपेक्षा हार्ड डिस्कवरच जास्त ताण. सावधपणे निम्मी उडी मारणारे जास्त आपटले आणि पूर्ण उडी मारणारे तरले, असा हा उलटा न्याय होता.

आता येतो उष्णतेकडे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज दोनाचं दोन पूर्णांक दोन केलं, तर एक पूर्णांक दोन दशांशचा वर्ग किती हे कोणी काढू नका, कारण वाढ दहा टक्क्यांचीच आहे. एक पूर्णांक एक दशांशचा वर्ग येतो १.२१. त्याला दीडने गुणा. १.८ च्या वर. म्हणजे वेग पन्नास टक्क्यांनी वाढला, पण उष्णता ऐंशी टक्क्यांनी! आधी वीस वॅट निघत असतील, तर आता छत्तीस. हीटसिंक आणि पंखा साधारण बरा असला तर दर वॅटमागे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा एक अंशाने तापतो असं धरू. म्हणजे हवेपेक्षा छत्तीस अंश वर.

इथे सगळी मेख आहे, श्रोतेहो. "हवेपेक्षा." पंखा कितीही मोठा लावा, हवा ज्या तापमानाची आहे त्याच्या खाली तो प्रोसेसरला नेऊ शकत नाही. ओव्हरक्लॉकिंगचे जे मार्गदर्शक लेख आपण वाचायचो ते थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेले. त्यांच्या खोलीत बावीस अंश. बावीस आणि छत्तीस अठ्ठावन्न, प्रोसेसर मजेत. अकोल्यात मेमध्ये खोलीत चव्वेचाळीस. झाले ऐंशी. त्यात बंद कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा आणखी पाच-सात अंशांनी गरम. तापलेले खटके सुस्त होतात, वेळेत मिटत नाहीत. ते वेळेत मिटावेत म्हणून व्होल्टेज वाढवावं, तर उष्णता आणखी वाढते. आणि नेहमी असं तापत राहिलेल्या प्रोसेसरचं आयुष्यही कमी होतं.

म्हणून मी दुकानात एक नियम केला होता. वेग वाढवलेलं यंत्र रात्री तपासायचं नाही. प्राइम-९५ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो खरं तर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी बनवलेला, पण प्रोसेसरला इतका दमवतो की जगभरचे दुरुस्तीवाले त्याचा परीक्षेसाठी वापर करतात. रात्री दहाला लावून सकाळी सहापर्यंत एकही चूक नाही, म्हणून यंत्र पास झालं असं गिऱ्हाईक सांगायचा. तेच यंत्र दुपारी अडीचला दहा मिनिटांत नापास. एका मे महिन्यात मी दुकानातलं एक यंत्र, काहीही न बदलता, घरी वर नेलं. परतवाड्यात दुपारी जे टिकत नव्हतं ते चिखलदऱ्यात दिवसभर बिनतक्रार चाललं. थंड हवेची ही जागा कीचक-भीमाच्या कथेसाठी आणि कॉफीच्या बागांसाठी ओळखली जाते. माझ्या लेखी ती फुकटातला हीटसिंकही आहे.

मात्र उंचीचा थोडा तोटाही आहे. अकराशे मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. तोच पंखा त्याच वेगाने फिरला तरी कमी वजनाची हवा ढकलतो, म्हणजे कमी उष्णता वाहून नेतो. छत्तीसच्या जागी अडतीस धरा. हवा सहा-सात अंशांनी थंड, त्यातले दोन विरळपणाने खाल्ले. चार-पाच तरी हाती राहिले, आणि काठावर चालणाऱ्या यंत्राला तेवढे पुरतात.

लग्नपत्रिका छापणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याचा सेलेरॉन कुणीतरी साडेचारशेवर करून दिला होता. तो म्हणाला, "भाऊ, याले दुपारी झोप लागते. सकाळी बरा चालते, अन् दोन वाजले का मान टाकते." लग्नसराई ऐन भरात. अक्षय्य तृतीयेच्या लग्नाच्या चारशे पत्रिका द्यायच्या होत्या आणि तयार केलेली फाइल उघडेना. दोन्हीकडचे सोयरे, मामा-आत्या, प्रेषक-निमंत्रक, सगळी नावं त्याला रात्रभर जागून पुन्हा टाइप करावी लागली. चूक झाली असती तर छपाईचा खर्च त्याच्या अंगावर, आणि सोयऱ्याचं नाव सुटलं असतं तर तो मान-अपमान वेगळाच. मी कॅबिनेट उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पांढरी गादी बसलेली. जिनिंगच्या गावांतून हे नेहमीच दिसायचं. रुईची बारीक तूस हवेत असते, ती पंखा ओढून घेतो आणि पात्यांत कोंबतो. ती काढली, थर्मल पेस्ट बदलली. तरी मी त्याला सांगितलं, होळी झाली की आकडा तीनशेवर आणायचा, मृग लागून पाऊस स्थिरावला की साडेचारशे. त्याने तो कागद मॉनिटरला चिकटवून ठेवला. पुढे दोन-तीन वर्षं तो हा उन्हाळी-पावसाळी कारभार इमानेइतबारे पाळत होता. मला विचाराल तर खेळायच्या यंत्राला वाटेल तेवढं पळवावं. ज्यावर कुणाचं पोट किंवा जमाखर्च आहे त्याला वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये एक मेगाहर्ट्झही वाढवू नये.

थर्मल पेस्टवरून आठवलं. ती भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात तशी नसते लावायची. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातली डोळ्यांना न दिसणारी हवेची फट भरण्यापुरताच तिचा उपयोग. पातळ थर हवा. पेस्ट मिळत नाही म्हणून टूथपेस्ट लावणारे बहाद्दरही भेटले. ती थोडे दिवस चालते, मग वाळून भुकटी होते. ड्युरॉनचा गाभा तर उघडाच असायचा. हीटसिंकची पट्टी स्क्रूड्रायव्हरने दाबताना वजन एका कोपऱ्यावर आलं की टचकन कपची उडायची आणि प्रोसेसर गेला.

कूलरसमोर संगणक ठेवावा का, हे मला शंभर वेळा विचारलं गेलंय. कोरड्या उन्हात आपला पाण्याचा कूलर छान काम करतो, खोलीची हवा सहज दहा-बारा अंशांनी उतरते. कूलर असलेल्या खोलीत संगणक जरूर ठेवा, एक खिडकी उघडी ठेवा. पण थेट झोतात नको. झोतातून बारीक थेंब येतात, आणि खारं पाणी असेल तर त्यातले क्षार मदरबोर्डवर बसतात.

चिखलदऱ्यात पावसाळ्यात उलटी अडचण. धुकं घरात शिरतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर काळपट थर येतो आणि संगणक सुरूच होत नाही. खोडरबराने ती टोकं हलकेच पुसली की बहुतेक वेळा काम होतं. काही हौशी लोक हवेपेक्षाही थंड करायला पेल्टियरची चकती किंवा बर्फाचं पाणी वापरायचे. आमच्याकडे श्रावणात तसं केलं तर गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा प्रोसेसरला फुटेल, आणि तो घाम म्हणजे पाणी, विजेच्या शेजारी.

हा उष्णतेचा कूट प्रश्न आपल्यापुरताच होता असं नाही. ठोका वाढवत नेण्याच्या शर्यतीत इंटेलही शेवटी उष्णतेलाच अडला. टेजास नावाचा पुढचा पेंटियम मे २००४ मध्ये रद्द झाला, चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. २००५ पासून एका तुकड्यात दोन गाभे आले. एक बैल चाबकाने पळवण्यापेक्षा दोन बैल जुंपलेले बरे. ही युक्ती पुण्याच्या सी-डॅकने कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर वापरली होती. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक असाच, साधे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर ओळीने जुंपून बनवलेला. त्या कामाचं नेतृत्व केलं डॉ. विजय भटकर यांनी, आणि ते आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आज पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने बाहेर नेतात.

आता पेन्सिलीचे दिवस गेले. २०१४ मध्ये इंटेलनेच कुलूप नसलेला एक स्वस्त पेंटियम, जी ३२५८, बाजारात आणला होता, तो बहुधा जुन्या हौशी लोकांच्या आठवणीखातर. २००८ नंतर प्रोसेसर स्वतःच स्वतःचा वेग वाढवायला शिकले. थंड असेल तर पळतात, तापले की पाऊल आखडतात. त्यामुळे आजचा लॅपटॉप दुपारी मान टाकत नाही, नुसता मंद होतो, आणि व्हायरस आला म्हणून लोक दुकानात घेऊन येतात. आधी त्याची जाळी बघा. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची छिद्रं बुजतात. टेबलावरचा संगणक असेल तर मार्चअखेर एकदा साफ करून घ्या. वायर काढून ठेवायची, तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. ब्लोअर मारायचा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो वाऱ्याने भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं.