टाच मोडली तर

दोन वर्षांपूर्वीं माळ्यावरील जुन्या वह्या काढतांना शिडी सरकली आणि मी फरशीवर उभाच आदळलों. उजवी टाच मोडली. एका सर्जनांनीं धातूची पट्टी बसविण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांनीं शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलें. घरांत दोन तट पडले. मेहुणे म्हणाले, "दाजी, पैशांकडे पाहूं नका!" प्रश्न पैशांचा नव्हता, मला मधुमेह आहे.

टाचेचें हाड घोट्याखालील हाडांत सर्वांत मोठें. पण त्याचें कवच पातळ आणि आंतला भाग जाळीदार. उंचावरून पडतांच वरचें हाड पाचरीसारखें त्यांत घुसतें. टाच खचते, रुंदावते, आणि बहुधा दोहोंमधील सांधाही दुभंगतो. (अशा वेळीं पाठीचा कणाही तपासून घ्यावा.) व्हिएन्नाचे डॉ. बोलर यांनीं १९३१ सालीं हें खचणें मोजण्याचा कोन सांगितला. धड पायांत तो सुमारें २० ते ४० अंश भरतो. माझा ८ भरला. भूमिती शिकविण्यांत हयात गेलेली. तो पूर्ववत् व्हावा असें मलाही प्रथम वाटलें.

पण चित्रांतील कोन निराळा आणि चालणें निराळें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणींत १५१ रोगी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. दोन वर्षांनीं वेदना व चालणें यांत फरक दिसला नाहीं. उपद्रव मात्र शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा २३, दुसऱ्यांत ४. टाचेच्या बाहेरील बाजूची कातडी पातळ, रक्तपुरवठा बेताचा. मोठ्या छेदाची कड मरते, जखम पिकते. धूम्रपान करणाऱ्यांस व मधुमेह्यांस हें भय अधिक.

म्हणून शस्त्रक्रिया वाईट, असें नव्हे. हाड कातडी फाडून बाहेर आलें, किंवा वर ओढला गेलेला तुकडा आंतून कातडी ताणूं लागला, तर तासांचाही विलंब घातक. टाच अगदींच वेडीवांकडी झालेले रोगी त्या चाचणींत घेतलेच नव्हते. २००२ सालच्या कॅनडांतील मोठ्या चाचणींतही एकंदर फरक दिसला नाहीं, तरी स्त्रियांना शस्त्रक्रियेचा कांहींसा लाभ आढळला.

मीं पट्टी नाकारली. पाय उंच ठेवला, सूज उतरतांच घोटा हलवूं लागलों, आठ आठवडे टाच टेकविली नाहीं. आज सपाट रस्त्यानें मंडईपर्यंत जातों. उजवी चप्पल मात्र रुंद करवून घ्यावी लागली, आणि नदीकाठच्या गोट्यांवरून चालतांना काठीवांचून भागत नाहीं.