ग्रंथ कोणाचा, शब्द कोणाचे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्याख्यान देण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा विषय मला निवडू देण्यात आला. गेली अनेक वर्षे मी इतरांची आत्मचरित्रे, कुटुंबांचे इतिहास आणि संस्थांचे वृत्तांत शब्दबद्ध करण्याचे काम करीत आहे. इंग्रजीत अशा माणसाला ‘घोस्ट रायटर’ म्हणतात. मराठीने मात्र त्याला भुताच्या पंक्तीला न बसवता ‘शब्दांकनकार’ असे सभ्य नाव दिले आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशा ग्रंथाविषयी आज मी बोलणार आहे. त्यामागे एक हेतू आहे. तो शेवटी स्पष्ट करीन.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्याकडून लिहून घेणे म्हणजे काहीतरी कमीपणाचे, लपवण्यासारखे, असे अनेकांना वाटते. आपल्या परंपरेत असे कधीच नव्हते. तीर्थंकर भगवंत अर्थरूपाने उपदेश करतात आणि गणधर त्याची सूत्ररूपाने गुंफण करतात, अशी आपली श्रद्धा आहे. अर्थ एकाचा आणि शब्दरचना दुसऱ्याची, ही विभागणी आपल्या श्रुतपरंपरेच्या मुळाशीच आहे. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, अन्य मतानुसार ९९३ वर्षांनी, वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. ज्यांच्या स्मरणात पाठ होता ते मुनी आणि ज्यांनी तो लिहून ठेवला ते, अशा दोहोंच्या सहकार्याने तो ठेवा वाचला.

दिगंबर परंपरेतील षट्खंडागमाची कथा तर या विषयाचा वस्तुपाठच आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या वृद्ध आचार्य धरसेनांना चिंता लागली, की आपल्याबरोबर हे श्रुतज्ञान लुप्त होईल. त्यांनी दोन तरुण मुनींना बोलावून ते शिकवले. त्यांपैकी पुष्पदंतांनी सत्प्ररूपणेची १७७ सूत्रे रचली आणि ती जिनपालितांबरोबर भूतबलींकडे पाठवली. उरलेली रचना भूतबलींनी पूर्ण केली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्या ग्रंथाची पूजा झाली, म्हणूनच आपण श्रुतपंचमी साजरी करतो. ज्ञान धरसेनांचे, आरंभ पुष्पदंतांचा आणि पूर्तता भूतबलींची, हे आजही आपण नावानिशी सांगू शकतो. तिघांपैकी कोणाचेही नाव पुसले गेले नाही.

पुढील काळातही हीच रीत दिसते. वीरसेनाचार्यांची धवला टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. जयधवला त्यांनी सुरू केली, पण सुमारे २० हजार श्लोकप्रमाण लेखन झाल्यावर त्यांचा देहान्त झाला. शिष्य जिनसेनांनी आणखी ४० हजार श्लोकप्रमाण भर घालून इ. स. ८३७ मध्ये ती पूर्ण केली. याच जिनसेनांचे आदिपुराण ४२ पर्वे होऊन ४३ व्या पर्वाच्या आरंभी थांबले, आणि त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी ते पूर्ण करून पुढे उत्तरपुराण रचले. गुरूचे वाक्य कोठे संपते आणि शिष्याचे कोठे सुरू होते, हे वाचकापासून लपवून ठेवावे, असे या थोर पुरुषांना वाटले नाही. आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी येणारी प्रशस्ती पाहा. ग्रंथकर्ता कोण, प्रत कोणी लिहिली, कोणाच्या द्रव्याने लिहिली, कोणासाठी लिहिली, हे तेथे नोंदवलेले असते. लहिया कितीही सामान्य असो, त्याला स्वतःचे नाव लिहिण्यास जागा होती.

मूडबिद्रीच्या भांडारातील धवलादी ताडपत्रांच्या प्रती करण्याच्या कामी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी पुढाकार घेतला. त्या कामातील गजपती शास्त्री यांना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी प्रत करण्यात साहाय्य केले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि एकूण १६ भागांत ते कार्य सिद्धीस गेले. त्या १६ भागांमागे ज्यांच्या बोटांचे कष्ट आहेत, त्यांत एका गृहिणीचीही बोटे आहेत. तिचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, कारण कोणीतरी ते नोंदवून ठेवले.

आता आपल्या काळाकडे येऊ. मराठीत ‘शब्दांकन’ या शब्दाला प्रतिष्ठा देणाऱ्या पुस्तकांत अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ अग्रभागी आहे. ते १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. शब्दांकन अरुण साधू यांचे होते. १९७७ च्या ‘भूमिका’ या चित्रपटाला त्याच पुस्तकाचा आधार होता. पुस्तक वाचताना साधू कोठेही मध्ये येत नाहीत. आवाज सर्वस्वी हंसाबाईंचाच ऐकू येतो. शब्दांकनकाराचे यश ते हेच. याउलट उदाहरण २००९ मधील टेनिसपटू आंद्रे आगासी यांच्या ‘ओपन’ या आत्मचरित्राचे. ते लिहिण्यात जे. आर. मोहरिंगर यांचा मोठा वाटा होता. त्यांनी स्वतःहून मुखपृष्ठावर नाव नको म्हटले, पण आगासींनी ऋणनिर्देशात त्यांच्या कामाची मोकळेपणाने कबुली दिली. नाव मुखपृष्ठावर असावे की ऋणनिर्देशात, हा दोघांच्या संमतीचा प्रश्न आहे. कोठेच नसावे, हे मात्र मला पटत नाही.

का पटत नाही, ते आपल्याच शास्त्राच्या आधारे सांगतो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लेखन करणे, ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे, आणि ‘साकारमंत्रभेद’ म्हणजे हावभावांवरून दुसऱ्याचे मनोगत ओळखून ते फोडणे, हे तीन माझ्या व्यवसायाला थेट लागू पडतात. माणूस सांगत असताना काही वेळा रडतो, काही वेळा भावाविषयी, भागीदाराविषयी, सुनेविषयी बोलून जातो. ध्वनिमुद्रण चालू असले तरी ते सगळे छापण्यासाठी नसते. ते छापले तर रहोभ्याख्यान. न घडलेला प्रसंग रंगवला तर कूटलेखक्रिया. या दोन खडकांमधून नाव हाकणे हेच शब्दांकनाचे खरे कसब आहे.

मग दुसऱ्याने लिहिलेल्या पुस्तकावर आपले नाव घालणे हीच कूटलेखक्रिया नव्हे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर असे आहे. अनुभव ज्याचा आहे, निवड ज्याने केली आहे, प्रत्येक पान ज्याने वाचून मान्य केले आहे, त्याच्या नावाने आत्मकथन निघाले तर त्यात असत्य नाही. पण ज्या ग्रंथाचे मोल लेखकाच्या विद्वत्तेत किंवा प्रतिभेत आहे, म्हणजे प्रबंध, शास्त्रावरील विवेचन, काव्य, तो दुसऱ्याकडून लिहवून स्वतःच्या नावे छापणे हे निःसंशय असत्य आहे, आणि अचौर्यव्रतालाही बाधा आणणारे आहे. द्रव्य मोजले म्हणून विद्वत्ता आपली होत नाही.

कायदाही याबाबतीत बराचसा विवेकाच्या बाजूने आहे. १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह डोनोह्यू या नामांकित घोडेस्वाराने दावा केला होता. त्याने आपल्या आठवणी एका वार्ताहराला सांगितल्या होत्या. न्यायालयाने ठरवले, की केवळ कल्पना किंवा हकीकत सांगणाऱ्याचा स्वामित्वहक्क होत नाही. ज्याने त्याला शब्दांचे रूप दिले, तो लेखक. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरी आदी काही अपवाद वगळता, हक्काचा पहिला स्वामी लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि स्वाक्षरीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की तोंडी बोलणीवर आजोबांचे चरित्र लिहवून घेतले, तर त्या शब्दांवर कुटुंबाचा हक्क आपोआप येत नाही. आपण व्यापारी समाज आहोत. पोत्याचा भाव लिहून घेतो. पुस्तकाचा करारही लिहून घ्यावा. त्यात मोबदला, हप्ते, मसुद्यांची संख्या, गोपनीयता, नामनिर्देश आणि ध्वनिमुद्रणे शेवटी कोणाकडे राहतील, एवढ्या गोष्टी असल्या म्हणजे पुढचे मनस्ताप टळतात.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पुस्तक करायचे ठरले की पहिला प्रश्न, वाचक कोण? नातवंडे, समाज की सर्वसामान्य मराठी वाचक? याचे उत्तर मिळेपर्यंत मी यंत्र सुरू करीत नाही. दुसरे काम कागद गोळा करण्याचे. जुन्या चोपड्या, रोजमेळ, पत्रे, लग्नपत्रिका, छायाचित्रे, ट्रस्टची इतिवृत्ते. स्मरणशक्ती प्रसंग जपते, पण सन विसरते. सन कागदावरून घ्यावा आणि प्रसंग माणसाकडून. तिसरे काम ऐकण्याचे. एका तासाच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात आणि ते उतरवून घ्यायला चार-पाच तास लागतात. दोनशे पानांच्या पुस्तकाला पंधरा-वीस तासांचे बोलणे पुरते. एका बैठकीत दीड तासापेक्षा अधिक बसू नये, आणि वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत नोकारशी, सामायिक, चौविहार यांच्या वेळा सांभाळूनच बैठक ठरवावी.

त्यानंतर आराखडा आणि एक नमुना प्रकरण. ते सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. “मी असे बोलत नाही” हे वाक्य त्याने पहिल्याच प्रकरणात म्हटले तर पुस्तक वाचते. शेवटी म्हटले तर फुकट जाते. आपल्या समाजात ही अडचण विशेष आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या गुजराती, कोणाच्या मारवाडी, तर सीमाभागात कानडीमिश्रित बोली. आजी गुजरातीत आठवते, मराठीत सांगते. तिचे वाक्य व्याकरणशुद्ध करण्याच्या नादात तिचा स्वभाव पुसला जाऊ नये. घरातले शब्द घरातलेच ठेवावेत.

एक अनुभव सांगतो. एका धान्य व्यापाऱ्याचे आत्मकथन मी लिहीत होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांची पेढी बुडाली होती आणि देणी फेडायला अकरा वर्षे लागली होती. मुलांचा आग्रह होता, की हे प्रकरण गाळावे, कुटुंबाची अब्रू आहे. वडील शांतपणे म्हणाले, “हे गाळलेत तर माझ्याकडे सांगण्यासारखे राहते काय?” अखेरीस एक मार्ग निघाला. ज्या सावकारांनी त्रास दिला त्यांची नावे गाळली. ज्यांनी थांबण्याची उदारता दाखवली त्यांची ठेवली. प्रकाशनानंतर त्या थांबणाऱ्यांपैकी एकाचा नातू पुस्तक घेऊन त्यांच्या घरी आला. आपल्या आजोबांनी असे काही केले होते, हे त्याला ठाऊकच नव्हते. सत्य सांगताना कोणाला दुखवले नाही आणि एका घराला त्याचा वारसा परत मिळाला.

लिहिणाऱ्याची भूमिका काय असावी, यासाठी मला एक प्रसंग आदर्श वाटतो. १८९६ मध्ये नडियाद येथे श्रीमद् राजचंद्रांनी आत्मसिद्धीची १४२ पद्ये एका बैठकीत लिहिली, तेव्हा अंबालालभाई हातात कंदील धरून उभे होते. शब्द श्रीमदांचेच होते. अंबालालभाईंनी फक्त उजेड धरला. शब्दांकनकाराला लेखणी हाती घ्यावी लागते हे खरे, पण वृत्ती मात्र कंदील धरणाऱ्याची असावी. उजेड पानावर पडावा, धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हे.

आता आरंभी म्हटलेला हेतू. या ट्रस्टच्या स्थापनेला ५० वर्षे झाली. पहिल्या सभेत जे तरुण कार्यकर्ते सतरंज्या घालत होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. देणगीदारांची नावे संगमरवरावर आहेत आणि ती राहतील. परंतु पाठशाळेत मुलांना नवकार शिकवणाऱ्या बाई, आयंबिलखात्यात रांधणाऱ्या भगिनी, वर्गणीसाठी सायकलवर फिरणारे गृहस्थ यांची हकीकत कोणत्याही शिळेवर नाही. ती केवळ काही जणांच्या स्मरणात आहे. धरसेनाचार्यांना जी चिंता वाटली, ती लहान प्रमाणात आपल्यालाही वाटली पाहिजे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. या वर्षात ट्रस्टने किमान पंचवीस ज्येष्ठांचे कथन ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक घरातल्या मोबाइलवर ते होऊ शकते. पाठशाळेतील मोठ्या मुलामुलींना प्रश्न विचारायला बसवावे. ग्रंथ पुढे होईल, कोणी तरी शब्दांकन करील. आणि जेव्हा तो होईल, तेव्हा शेवटच्या पानावर जुन्या प्रशस्तीप्रमाणे सर्वांची नावे असावीत. सांगणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे, मुद्रितशोधकाचे आणि द्रव्यसाहाय्य करणाऱ्याचेही.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.